थँक्सगिव्हिंग, साबा-साबु आणि मार्गशीर्षातला गुरुवार: तुम्ही काय करता?

कोरांटी | ९ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) सांगलीचे, दसऱ्यानंतर आलेत आणि संक्रांतीपर्यंत आहेत. साबु पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. साबा कशातूनही निवृत्त झालेल्या नाहीत.

यंदा थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला आहे. फ्रीजवरचं कॅलेंडर पाहिलं तर तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. साबांचं महालक्ष्मीचं व्रत लग्नापासून चालू आहे. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, कहाणी, नैवेद्य आणि मग जेवण. आदल्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणजे बुधवारी वांग्याचं भरीत आणि रोडगे होणारच.

इकडे चिरंजीवांचं पालुपद, "आपल्याकडे टर्की का नसते?" शेजारच्या आजींनी (वय ऐंशीच्या पुढे, एकट्या राहतात, फार गोड बाई) सगळ्यांना दुपारी दोनला जेवायला बोलावलंय. आणि नवऱ्याचं म्हणणं, सलग चार दिवस सुट्टी आहे तर आईबाबांचं न्यूयॉर्क आणि नायगारा उरकून टाकू. "उरकून टाकू" ऐकूनच माझे पाय दुखायला लागले.

मला खरं तर घरातच लोळायचंय. पण म्हातारी माणसं एवढ्या लांबून आलीत आणि आपण घरी बसवून ठेवलं, असं नको व्हायला. तुमच्याकडे आईवडील आलेले असताना हे चार दिवस कसे जातात? आणि दुपारी दोनचं आमंत्रण व संध्याकाळचा उपास यांची सांगड कशी घालू?

डेट्रॉइटकर | ९ नोव्हेंबर

नायगारा आधी खोडून टाका. नोव्हेंबरअखेर अमेरिकेच्या बाजूची बोट बंद झालेली असते, थंडी हाडं फोडते, आणि तुमच्याकडून गाडीने सात तास तरी लागतात. धबधबा दिसेल, पण तो मे महिन्यात जास्त चांगला दिसतो.

न्यूयॉर्कला मेसीज या दुकानाची थँक्सगिव्हिंगची परेड बघायची असेल तर पहाटेपासून फुटपाथवर उभं राहावं लागतं. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो. बाबांना दर अर्ध्या तासाने बाथरूम लागायची. एवढंच सांगतो.

मनीमाऊ | ९ नोव्हेंबर

परेड टीव्हीवरच बघा, सोफ्यावर, चहा घेत. साडेआठला सुरू होते. मुलांना फुगे आवडतात, आजीआजोबांना बँड. १९२४ पासून चालू आहे म्हटल्यावर आमचे बाबा सरसावून बसले होते, कारण त्यांचे वडील त्याच साली जन्मलेले.

शेजारणीकडे जेवायला न जाता नंतर 'पाय'ला (pie, गोड पदार्थ) जा. इथे तसं चालतं. जेवण दुसरीकडे आणि गोड खायला आमच्याकडे, असं लोक सर्रास करतात. आधी सांगितलं की झालं.

सोनचाफा | १० नोव्हेंबर

+१ मनीमाऊ. फक्त साबा शाकाहारी असतील तर काही गोष्टी बघून घ्या. रताळ्याच्या कॅसरोलवर मार्शमेलो असतात, त्यात प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. स्टफिंग दिसतं पावाचं, पण बहुतेक वेळा चिकनच्या पाण्यात भिजवलेलं असतं. पायच्या कवचात कधी कधी डुकराची चरबी असते. यजमान मुद्दाम लपवत नाहीत हो, त्यांच्या दृष्टीने ते 'व्हेजिटेबल'च असतं. सरळ विचारावं, कुणाला राग येत नाही.

साबांचा उपास असल्याने प्रश्न आपोआप मिटला म्हणा!

बे_दुणे_चार | १० नोव्हेंबर

उपास असताना रताळं चालतंच की. मार्शमेलो बाजूला ठेवा आणि रताळ्याचा कीस करा. जागतिक पातळीवर समेट. (दिवे घ्या)

टोपणनाव_सुचेना | १० नोव्हेंबर

मी पुण्यात असते, अमेरिकेला कधी गेले नाही. हा सण नक्की कशाचा? इथल्या मॉलमध्ये ब्लॅक फ्रायडेच्या सेलच्या पाट्या दिसतात, त्यापलीकडे काही माहिती नाही.

जुनाजाणता | १० नोव्हेंबर

@टोपणनाव_सुचेना, थोडक्यात सांगतो. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून १०२ इंग्रज प्रवासी आताच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले. पहिल्या हिवाळ्यात निम्मे मेले. स्थानिक वाम्पानोआग लोकांकडून मका लावायला शिकले आणि १६२१ च्या शरदात पीक हाती आल्यावर तीन दिवस मेजवानी झाली. वाम्पानोआगांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वदेक माणसं घेऊन आला होता आणि त्यांनी पाच हरणं आणली, असं त्या वेळच्या एका पत्रात आहे. म्हणजे खरं तर हरणाची मेजवानी म्हणायला हवी. त्या पत्रात पक्षी मारून आणल्याचा उल्लेख आहे, टर्कीचं नाव नाही.

दरवर्षीचा राष्ट्रीय सण मात्र फार नंतरचा. लिंकनने १८६३ मध्ये, ऐन यादवी युद्धात, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. रूझवेल्टने १९३९ मध्ये तो एक आठवडा अलीकडे आणला, म्हणजे नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत. त्यावरून गोंधळ झाला, अर्धी राज्यं या गुरुवारी आणि अर्धी त्या गुरुवारी. शेवटी १९४१ मध्ये काँग्रेसने कायदा करून चौथा गुरुवार ठरवला.

गुरुवारच कायम असल्याने मार्गशीर्ष लवकर लागला की गाठ पडते. २०२२ मध्येही २४ नोव्हेंबरला असंच झालं होतं.

अटकमटक | ११ नोव्हेंबर

हे सगळं गोड गोड झालं. ते प्रवासी जिथे वसले त्या प्लिमथमध्येच त्या दिवशी मूळ रहिवासी शोकदिवस पाळतात, १९७० पासून. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आभार कसले मानायला सांगता? आपण भारतातून येऊन हा सण उचलायचा म्हणजे कमालच आहे.

डेट्रॉइटकर | ११ नोव्हेंबर

झालं, धाग्याचा काश्मीर सुरू.

कोरांटी | ११ नोव्हेंबर

@अटकमटक, शोकदिवसाबद्दल मुलाला शाळेतच सांगितलंय, घरी येऊन त्यानेच आजोबांना सांगितलं. साबु म्हणाले, "धरण बांधलं की एका गावाला पाणी मिळतं आणि दुसरं गाव पाण्याखाली जातं. दोन्ही गावांतली माणसं मी पाहिलीत." त्यावर बराच वेळ दोघं बोलत होते, मी मध्ये पडले नाही. सण आम्ही साजरा करतोय असं नाही, सुट्टी आहे ती सगळ्यांनाच आहे. इथे यावर वेगळा धागा काढलात तर वाचेन, खरंच.

खारीबटर | ११ नोव्हेंबर

कोरांटी, एक महत्त्वाचं. तुम्ही मॅसॅच्युसेट्सला आहात ना? तुमच्याकडे त्या दिवशी किराण्याची मोठी दुकानं कायद्यानेच बंद असतात. जुन्या प्युरिटन काळापासूनचे नियम आहेत. आम्ही टेक्सासहून तिकडे बहिणीकडे गेलो होतो, सकाळी दूध संपलं आणि पेट्रोल पंपावरचं आणावं लागलं. पूजेचं सामान, नारळ, विड्याची पानं, सगळं बुधवारच्या आत आणून ठेवा. इंग्रोवालेही (इंडियन ग्रोसरी) दुपारी लवकर बंद करतात.

भरकटलेला_दीपस्तंभ | १२ नोव्हेंबर

टर्कीबद्दल. चिरंजीवांच्या हट्टापायी अख्खा पक्षी आणू नका. बारा पौंडांचा गोठलेला पक्षी फ्रीजमध्ये मोकळा व्हायला तीन दिवस लागतात, दर चार-पाच पौंडांना एक दिवस असा हिशेब. तेवढे तीन दिवस तुमच्या साबांच्या कोथिंबिरीच्या शेजारी तो बसलेला असणार. नुसतं ब्रेस्ट आणा. आतलं तापमान १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की उतरवा, नाहीतर पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं.

आणि तेलात तळायच्या फंदात तर अजिबात पडू नका. आमच्या गल्लीत एकाने अर्धवट गोठलेली टर्की उकळत्या तेलात सोडली. अग्निशमन दलाचे लोक फार सभ्य होते.

बे_दुणे_चार | १२ नोव्हेंबर

पण गुरुवारी व्रत, घरात सामिष चालणार नाही. शनिवारी मारुती. रविवारी सुट्टी संपत आली म्हणून रडारड. राहिला शुक्रवार. शुक्रवारी कुणाचं काही नाही ना?

कोरांटी | १२ नोव्हेंबर

साबु शुक्रवारी काहीही खातात. सांगलीचे आहेत म्हटलं ना. 😀

नाना_परदेशी | १३ नोव्हेंबर

मी स्वतः आजोबा आहे. सध्या मुलाकडे न्यू जर्सीला आहे, ही माझी पहिली खेप नाही. तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहितो.

मुलं आम्हाला 'दाखवायला' नेतात. हेतू चांगला असतो, पण पंच्याहत्तरीत माणसाला बघण्यापेक्षा करण्याची हौस जास्त असते. आमच्या घरी सगळं बटणावर. भांडी यंत्र घासतं, कपडे यंत्र वाळवतं, पानं गोळा करायला माणूस येतो. मी बसतो आणि विचारतो, "चहा झाला का?" अजून पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो. सून चांगली आहे, ती कधी चिडत नाही. पण मला माझाच कंटाळा येतो.

एकदा थँक्सगिव्हिंगला सूनबाईला ताप आला. न्यूयॉर्कचा बेत रद्द झाला. मी आणि नातवाने मागच्या अंगणातली पानं दाताळ्याने ओढली, हिने खिचडी टाकली, मुलगा दिवसभर फुटबॉल बघत झोपला. त्या सुट्टीची आठवण आमची नातवंडं अजून काढतात. सूनबाईला मात्र काढू नका म्हणून सांगितलंय.

तुमच्या सासऱ्यांना काहीतरी काम द्या. खोटं काम नको हं, ते लगेच कळतं.

आणि ब्लॅक फ्रायडेला पहाटे उठवून आउटलेटला नेऊ नका. आम्हाला स्वेटर आहेत.

हेमांगी_क | १३ नोव्हेंबर

नाना, _/\_ . हे माझ्या भावाला पाठवते आहे.

मनीमाऊ | १३ नोव्हेंबर

नानांना प्रचंड अनुमोदन. आमच्या आई गेल्या खेपेला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे मी पाहुणी म्हणून किती दिवस राहू?" तेव्हा मला ते टोमण्यासारखं वाटलं होतं.

जाता जाता, कोरांटी, दिवस फार लहान असतो हे लक्षात ठेवा. तुमच्याकडे सव्वाचारला सूर्यास्त. बाहेर जायचं ते सकाळीच. काळोख पडला की ज्ये.ना. मंडळींना उगाच उदास वाटतं, तेव्हा चारच्या सुमाराला घरात काहीतरी गडबड असलेली बरी.

सोनचाफा | १४ नोव्हेंबर

क्रॅनबेरी! तुमच्या राज्याचं फळ आहे. आत्ता ताज्या मिळतात, पुढे फ्रोझनच. लोणच्यासाठी साबांच्या हाती दोन पिशव्या द्या आणि बाजूला व्हा.

कोरांटी | १४ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार (सणाला साजेसं!). नवऱ्याला नानांचा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून म्हणाला, "बरं, नायगारा नको." एवढ्यावर मी खूश आहे. झालं की येऊन लिहिते.

कोरांटी | ३० नोव्हेंबर

आले. वृत्तांत मोठा आहे, चहा घेऊन बसा.

बुधवारी मुलांची शाळा अर्धा दिवस. घरी आली तर आजी गॅसवर वांगी भाजत होत्या आणि धुराचा भोंगा वाजत होता. आजोबा खाली उभे राहून वर्तमानपत्राने वारा घालत होते. चंपाषष्ठी साग्रसंगीत पार पडली. रोडगे गव्हाच्या पिठाचेच केले, ओव्हनमध्ये भाजले आणि चक्क जमले.

पण खरी गंमत त्याच्या आधी, दुपारी. साबांना कलशाला लावायला पाच प्रकारच्या झाडांच्या डहाळ्या हव्या होत्या. सांगलीला काय, अंगणात आंबा आहे, शेजारी जांभूळ आहे. इथे नोव्हेंबरअखेर झाडांवर पान नाही. ओक, मेपल, बर्च, सगळे खराटे. साबा खिडकीतून बघून म्हणाल्या, "या देशात लक्ष्मीला काय लाकडं वाहायची का?" धाकटी म्हणाली, "आजी, मला माहितीये कुठली झाडं झोपत नाहीत." शाळेत नुकतंच शिकवलेलं. मग दोघी निघाल्या. साबांच्या अंगावर नऊवार, वर मुलाचा स्कीचा कोट, डोक्याला मफलर, हातात कात्री. आधी आमच्याच मागच्या पाइनची डहाळी. मग कुंपणाजवळचं ऱ्होडोडेंड्रॉन (थंडीत पानं सुरळीसारखी गुंडाळली होती, साबा म्हणाल्या, "हिला पण थंडी वाजतेय"). दाराजवळचं बॉक्सवुड. चौथी हॉली, काटेरी पानं आणि लाल फळं, ती शेजारच्या आजींच्या अंगणात. धाकटीने बेल वाजवून रीतसर परवानगी मागितली. पाचवं काही केल्या मिळेना, तर शेजारच्या आजींनीच घराच्या मागून ज्युनिपर कापून दिलं.

आणि विचारलं कशासाठी. धाकटीने सांगितलं, "आमच्याकडे उद्या एक देवी येणार आहे, ती गुरुवारी येते." त्या म्हणाल्या, मग दुपारी दोनला तुम्ही कसे याल? अशा रीतीने माझ्या डोक्यात चाललेला खल सहा वर्षांच्या मुलीने दोन वाक्यांत सोडवला. ठरलं असं, की दुपारी त्या त्यांच्या भाच्याकडे जेवतील आणि संध्याकाळी पाय घेऊन आमच्याकडे येतील.

गुरुवारी सकाळी परेड. स्नूपीचा फुगा दिसला तेव्हा साबु म्हणाले, दोर धरणारे किती आहेत मोज. मुलगा मोजत बसला. कॅमेरा हलायचा आणि मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. मग दोघं गावातल्या हायस्कूलचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला गेले. आमच्याकडे ही पद्धत फार जुनी आहे, शेजारशेजारची गावं थँक्सगिव्हिंगला सकाळी दहाला एकमेकांशी खेळतात. वेल्स्ली आणि नीडहॅम १८८२ पासून खेळताहेत. आमचं गाव एवढं नामांकित नाही. साबु परत आले ते नाक लाल झालेलं. अभिप्राय: "दहा सेकंद खेळतात आणि पाच मिनिटं सभा घेतात. आमच्या खात्यात अगदी असंच होतं." तरी पूर्ण सामना बघून आले, आणि कोण जिंकलं ते दोघांनाही नीट सांगता येईना.

तोपर्यंत आम्ही घारगे केले. दुकानातल्या डब्यातला भोपळ्याचा गर फार ओला असतो, साबांनी तो गूळ घालून कढईत आटवला, मगच पीठ मळलं. साधारण एका डब्याला एक वाटी गूळ आणि मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ. उपास असल्याने चव कुणी बघायची हा प्रश्न होता. नवरा स्वयंसेवक झाला. पाच घारग्यांपर्यंत त्याचं मत बनलं नव्हतं.

पूजा चारला मांडली. मनीमाऊ, तुमचं अगदी बरोबर, बाहेर अंधार पडत होता आणि घरात समया लागल्या. कहाणी साबांनी वाचली, मुलाने मध्ये मध्ये प्रश्न विचारले. (राजाची राणी एवढी उर्मट का, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.) गाईचा घास काढला तेव्हा धाकटीने विचारलं, गाय कुठे आहे? साबु म्हणाले, "इथून दहा मैलांवर डेअरी आहे, पण तिथली गाय घारगे खाईल असं वाटत नाही." तो घास शेवटी अंगणात ठेवला, सकाळी नव्हता. रॅकून असणार. साबांना 'कुणीतरी खाल्लं' एवढंच सांगितलंय.

शेजारच्या आजी सहाला आल्या, त्यांच्या आईच्या रीतीचा भोपळ्याचा पाय घेऊन. कवचात लोणीच होतं, त्यांनी आल्या आल्या स्वतःहून सांगितलं. साबा अंडं खात नाहीत म्हणून पायला हात लावला नाही, पण त्यांना ओवाळलं, ओटी भरली. नारळ हातात घेऊन त्या बाई बराच वेळ बघत होत्या की याचं काय करायचं असतं. मग दोघी सोफ्यावर बसल्या. एकीला मराठी, एकीला इंग्रजी, धाकटी दुभाष्या. विषय सुनांचा चालला होता असा मला दाट संशय आहे, कारण दोघी एकदमच माझ्याकडे बघून हसल्या.

शुक्रवारी कुणीही आउटलेटला गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी लोणच्यासाठी क्रॅनबेरी निवडायला घेतल्या. चांगली क्रॅनबेरी चेंडूसारखी उडते, आत हवेच्या चार पोकळ्या असतात, सडकी उडत नाही. मुलाने हे सांगितल्यावर साबांनी एक ओट्यावर टाकून बघितली. मग दुसरी. मग पिशवी संपेपर्यंत तिघांनी तेच केलं, फ्रीजखाली अजून सापडताहेत. आणि साबुंनी विचारलं, हे फळ पिकतं कुठे? पाण्यात पिकतं ना? मुलगा म्हणाला, पाण्यात नाही, काढताना पाणी सोडतात. झालं! "पाणी सोडतात म्हणजे? कुठून सोडतात? किती?" पाटबंधारे खातं जागं झालं.

तासाभरात आम्ही गाडीत. कार्व्हरला गेलो, प्लिमथच्या अलीकडे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्रॅनबेरीच्या बॉग (दलदलीतले मळे) आहेत. तोडणी कधीच संपलेली. वेली जमिनीलगत गालिच्यासारख्या, थंडीने तांबड्या-जांभळ्या झालेल्या. नवरा म्हणाला, बाबा, आता बघण्यासारखं काही नाही. साबु तोवर बांधावर पोचले होते. तिथे चर आहेत, चराच्या तोंडाशी एक चौकट आणि चौकटीच्या खाचांत एकावर एक फळ्या बसवलेल्या. फळी काढली की पाणी जातं, घातली की तुंबतं. साबु उकिडवे बसले, खाचेत बोट घालून बघितलं आणि ओरडले, "अरे, हे तर आपले बरगे!" सांगली-कोल्हापूरकडच्यांना कळेल. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपताना बरगे घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. निम्मी नोकरी त्यांनी त्या बरग्यांच्या चोऱ्या पकडण्यात घालवली.

एक पिकअप थांबला. मला वाटलं, आता ओरडा बसणार. उतरलेले गृहस्थ बॉगचेच निघाले. मुलगा दुभाष्या. त्यांनी सांगितलं की तोडणीच्या वेळी पाणी भरतात आणि फळं तरंगतात, ती पोकळ्यांमुळे. हिवाळ्यात पुन्हा पाणी भरतात ते वेली थंडीने वाळू नयेत म्हणून. आणि काही वर्षांनी एकदा, बर्फ चांगला धरला की त्यावर वाळू पसरतात. बर्फ वितळला की वाळू आपोआप वेलींवर सारखी बसते. हे ऐकून साबु गप्पच झाले. मग म्हणाले, "विचार त्यांना, वाळू किती इंच?" तिथून पुढे प्रश्न थांबेनात. मुलाला 'झिरपणे' या शब्दाला इंग्रजी सापडेना, तर दोघा म्हाताऱ्यांनी हातवारे करून ते भागवलं. मी आणि साबा गाडीत हीटर लावून शेंगदाण्याचे लाडू खात बसलो.

टर्कीचं ब्रेस्ट संध्याकाळी नवऱ्याने अंगणातल्या ग्रिलवर भाजलं, साबुंच्या देखरेखीखाली, कांदा-लसूण मसाला चोळून. तापमान बरोबर १६५ ला काढलं, भरकटलेला_दीपस्तंभ यांचे आभार. चिरंजीव म्हणाले, "चिकनसारखंच आहे की." एवढ्यासाठी अख्खा नोव्हेंबर आमचं डोकं खाल्लं.

शनिवार-रविवार काहीच झालं नाही. खरंच काही नाही. पत्ते, झोप, उरलेले घारगे.

नाना_परदेशी | ३० नोव्हेंबर

वाचून आनंद झाला. तुमच्या सासऱ्यांना सांगा, मी महसूल खात्यात होतो. बरगे चोरणाऱ्यांचे पंचनामे आमच्याकडे यायचे.

खारीबटर | ३० नोव्हेंबर

साडीवर स्कीचा कोट!! फोटो टाकाच.

कोरांटी | ३० नोव्हेंबर

फोटो टाकला तर साबा मला भारतात परत पाठवतील.

@नाना, साबुंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "विचार कुठल्या तालुक्यात होते."

अटकमटक | १ डिसेंबर

वृत्तांत आवडला. बॉगच्या जमिनी मूळ कुणाच्या होत्या हेही मुलाला सांगा, वाम्पानोआग लोक क्रॅनबेरी फार आधीपासून खात होते. वेगळा धागा काढतोय.

सोनचाफा | १ डिसेंबर

सगळं लिहिलंत आणि लोणच्याची कृती गाळलीत! आजच दुकानात शेवटच्या ताज्या पिशव्या दिसल्या, दोन आणून ठेवल्यात.

कोरांटी | १ डिसेंबर

साबा शेजारी बसून सांगताहेत, मी टंकते आहे. १२ औंसाची एक पिशवी, म्हणजे ३४० ग्रॅम. प्रत्येक क्रॅनबेरी मधोमध चिरायची, अख्खी टाकली तर तेलात फुटून अंगावर उडते. पाव वाटी तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथीदाणे, भरपूर हिंग, हळद. त्यात क्रॅनबेरी, मंद आचेवर तीन-चार मिनिटंच, नाहीतर जॅम होतो. गॅस बंद करून दोन चमचे लाल तिखट, दोन चमचे मीठ, एक मोठा चमचा मोहरीची डाळ. गूळ अर्धी वाटी, तो गरम असतानाच, पण गॅस बंद केल्यावर. साबांकडे करवंदाच्या लोणच्याचं हेच प्रमाण आहे, फक्त गूळ त्यांनी वाढवला. फ्रीजमध्ये ठेवा. तिसऱ्या दिवशी मुरतं, पण आमच्याकडे तिसऱ्या दिवसापर्यंत उरलं नाही.

आता दुसरी पिशवी चिरायला घेतलीये. साबु खाली बसलेत, उडत नाहीत त्या वेगळ्या काढताहेत.

बे_दुणे_चार | १ डिसेंबर

४ डिसेंबरलाही गुरुवार आहे. ज्युनिपर शिल्लक आहे ना?

कोरांटी | १ डिसेंबर

शेजारच्या आजी सकाळीच विचारून गेल्या, किती कापून ठेवू म्हणून.